ज्याची खावी पोळी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा ‘सार्वजनिक आरोग्याचे संशोधन आणि कारखान्यांचा पैसा’ असा विषय मी त्यांना कळवला. त्यांपैकी एका गृहस्थांनी भीत भीत विचारले, ‘डॉक्टर, याला श्रोते येतील का?’ मी म्हटले, ‘श्वास घेणारी, पाणी पिणारी माणसे आपल्या गावात असतील, तर येतील.’ एवढ्या उकाड्यात आपण इतक्या संख्येने आला आहात, तेव्हा माझा अंदाज फारसा चुकला नाही असे दिसते.

निगडीपासून भोसरीपर्यंत आणि तळवड्यापासून चाकणपर्यंत आपला हा सारा मुलूख कारखान्यांचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची चूल प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष त्यांच्यावरच पेटली. तेव्हा कारखानदारांना शिव्या देण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. माझा प्रश्न आमच्या बिरादरीचा, म्हणजे प्राध्यापकांचा आहे. गावाच्या प्रकृतीचा अभ्यास करावयाचा आहे, त्याला पैसा लागतो, आणि पैसा आहे कारखान्याकडे. तो प्राध्यापकाने घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा झाल्यास कसा घ्यावा?

प्रथम, हा पैसा लागतो तरी कशाला, हे पाहू. एका रोग्याला तपासण्यासाठी वैद्याला एक खोली पुरते. पण एका गावाची प्रकृती तपासावयाची म्हणजे घरोघर माणसे पाठवावी लागतात, रक्त तपासावे लागते, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि हे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे करावे लागते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९७२ पासून ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. पुढे तेथे आसपासच्या बावीस गावांची पद्धतशीर नोंदवही सुरू झाली. अशी वही ठेवणे हे काम संसारासारखे असते. त्यात सुट्टी नाही, कौतुक नाही, आणि खर्च मात्र रोजचा. आपला देश संशोधनावर एकंदर किती खर्च करतो? २०२०–२१ सालचा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के असा आहे. म्हणजे शंभर रुपयांत पासष्ट पैसेसुद्धा नाहीत. त्यात विमाने आली, अणुशक्ती आली, शेती आली. भोसरीच्या मुलांच्या दम्याच्या वाट्याला त्यातले काय येणार, याची कल्पना आपणच करा.

दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने असे ठरवले, की ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करावा. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आली. त्या कार्यांच्या यादीत आरोग्य आहे, आणि २०१९ मध्ये सरकारी विद्यापीठांतील व राष्ट्रीय संस्थांतील संशोधनासही त्यात जागा मिळाली. तेव्हा ज्याच्या घरी दुष्काळ आहे त्याच्या दारात धान्याची गाडी उभी आहे. गाडीवर कोणाचे नाव लिहिले आहे, हे उपाशी माणसाने वाचावे काय?

या प्रश्नावर प्राध्यापकांचे तीन पंथ मला आयुष्यभर भेटले.

पहिला पंथ सोवळ्यांचा. त्यांचे म्हणणे, कारखान्याच्या पैशाचा स्पर्शही नको. लोकांच्या आरोग्याचे काम लोकांच्याच पैशाने व्हावे. हे म्हणणे हास्यास्पद नाही. याच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला हात दिला, आणि १९५५ मध्ये येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तिच्या प्रयोगशाळेत बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन नावाचे औषध सापडले. ते ज्या सूक्ष्म जीवापासून निघाले, त्याला शास्त्रज्ञांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. जगातल्या शास्त्रग्रंथांत पिंपरीचे नाव गेले ते मोटारींच्याही आधी एका जंतूच्या रूपाने, आणि लोकांच्या पैशाने! परंतु तीच कंपनी पुढे आजारी उद्योगांत जमा झाली, आणि तेथील कामगारांना पगारासाठी वाट पाहावी लागली, हेही आपण पाहिले आहे. सोवळे पाळण्यासाठी घरात पाणी तरी मुबलक असावे लागते. शिवाय सरकारचा पैसाही अगदी निर्हेतुक असतो असे समजण्याचे कारण नाही. अप्रिय अहवाल दडवण्याची कला एकट्या कारखानदारांनाच अवगत आहे, असे थोडेच आहे?

दुसरा पंथ गंगास्नानवाल्यांचा. पैसा कोठूनही येवो, सत्कार्याला लागला की तो पवित्र झाला. हे लोक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे बोट दाखवतात. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या उदार देणगीतून ते उभे राहिले आणि १८४५ मध्ये सुरू झाले. जमशेटजींची संपत्ती चीनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातली. परंतु त्या रुग्णालयात बरा होऊन घरी गेलेल्या गरिबाला अफूची आठवण कशाला करून द्यावी? टाटांच्या विश्वस्तनिधीने १९४१ मध्ये परळला कर्करोगाचे रुग्णालय उघडले, आणि १९५७ मध्ये ते सरकारच्या हवाली केले. हे दाखले खरे आहेत, आणि मला ते आदरणीय वाटतात. पण त्यात एक गफलत आहे. रुग्णालय बांधणे आणि संशोधन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अफूच्या पैशातून बांधलेल्या खाटेवर हिवतापाचा रोगी निःशंकपणे झोपू शकतो. पण त्याच पैशातून अफूच्या परिणामांवर ग्रंथ लिहवून घेतला असता, तर तो आपण कोणत्या विश्वासाने वाचला असता?

तिसरा पंथ सर्वांत मोठा. ते म्हणतात, ‘पैसा घेऊ, पण मत विकणार नाही. मी माझ्या प्रामाणिकपणाला जामीन आहे.’ मीही पुष्कळ वर्षे याच पंथात होतो. आणि म्हणून आज मला त्याच्याविषयीच अधिक बोलावयाचे आहे.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. तिसऱ्या पंथाचा विद्वान म्हणतो, ‘पोळी खाईन, टाळी वाजवणार नाही.’ काही तसे करूनही दाखवतात. पण सर्वांचा मिळून हिशेब काय सांगतो? २००७ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी शीतपेये, फळांचे रस आणि दूध यांच्यावरील दोनशे सहा शास्त्रीय लेख तपासले. त्यांतील प्रत्यक्ष प्रयोग करून लिहिलेले लेख त्यांनी वेगळे काढले. ज्यांना उद्योगाचा पैसा मुळीच नव्हता, त्यांतील सदतीस टक्के लेखांचा निष्कर्ष त्या पेयांना प्रतिकूल होता. ज्यांचा सगळा खर्च उद्योगाने केला होता, त्यांतील किती प्रतिकूल असावेत? एकही नाही. ते सगळे संशोधक लबाड होते काय? मला तसे वाटत नाही. मग हे घडते कसे?

याचे उत्तर मला साखरेच्या एका जुन्या प्रकरणात सापडले. अमेरिकेतील साखर उत्पादकांच्या एका संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांना सुमारे साडेसहा हजार डॉलर देऊन हृदयरोग आणि आहार यांवर एक समालोचन लिहवून घेतले. ते १९६७ मध्ये एका अत्यंत मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात चरबीवर सारा रोख होता, आणि साखरेकडे काणाडोळा. पैसा कोणी दिला, हे त्यात छापलेले नव्हते. त्या काळी तसे छापण्याचा नियमही नव्हता. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, जुन्या पत्रव्यवहारातून ही गोष्ट उजेडात आली. आता पाहा, चरबीविषयी त्यांनी लिहिले ते सगळे खोटे होते असे नाही. पण जगाने कोणीकडे पाहावे आणि कोणीकडे पाहू नये, हे त्या साडेसहा हजार डॉलरांनी ठरवले. पैशाची खरी सत्ता आहे ती येथे. उत्तर विकत घ्यावयाला धैर्य लागते, आणि घेणारा सापडण्याचा धोकाही असतो. प्रश्न निवडणे त्याहून सोपे असते, आणि त्यात कोणाचाच प्रामाणिकपणा भंगत नाही.

ही अमेरिकेची गोष्ट झाली. आता चाकणच्या शेजाऱ्यांची सांगतो. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे कारखाने २००९ पासून चाकणला आहेत. या दोन जर्मन कंपन्या, बी. एम. डब्ल्यू. आणि बॉश यांनी जर्मनीत २००७ मध्ये वाहतूक आणि आरोग्य यांच्या संशोधनासाठी एक संस्था काढली होती. नाव भारदस्त, सल्लागार मंडळावर प्राध्यापक. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. तेव्हा ‘नवे डिझेल स्वच्छ आहे’ हे दाखवण्याची निकड लागली. २०१४ मध्ये त्या संस्थेच्या पैशाने अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत दहा माकडांना बंद पेटीत बसवले, समोर करमणुकीसाठी व्यंगचित्रपट लावला, आणि त्यांना मोटारीचा धूर हुंगवला. पुढे उघड झाले, की त्या मोटारीत परीक्षेपुरता धूर कमी करणारी लबाडीची युक्ती आधीच बसवलेली होती! माकडांनाही फसवले म्हणावयाचे. त्याच संस्थेच्या पैशाने आखेन येथील विद्यापीठात पंचवीस निरोगी माणसांवर नायट्रोजन डायॉक्साइडचा प्रयोग झाला होता. विद्यापीठाचे म्हणणे असे, की नीतिसमितीची परवानगी होती, आणि प्रयोगाचा संबंध कारखान्यातील कामगारांच्या सुरक्षिततेशी होता, डिझेलशी नव्हे. ते खरेही असेल. पण जानेवारी २०१८ मध्ये हे सारे बाहेर आले, तेव्हा त्या विद्यापीठाला जगापुढे खुलासे करीत बसावे लागले. ती संस्था तर त्याआधीच, २०१७ मध्ये, गुंडाळली गेली होती.

आणि गंमत पाहा. ज्या वर्षी ती माकडे पेटीत बसली, त्याच वर्षी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका लहानशा गटाने आपल्या प्रयोगाचा अहवाल दिला. त्यांना पैसा दिला होता एका ना-नफा संस्थेने. त्यांनी मोटारी प्रयोगशाळेतून बाहेर काढल्या, त्यांच्या मागे यंत्र बांधले, आणि सरळ रस्त्याने हाकल्या. रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट धूर निघत असल्याचे त्यांना आढळले. त्यातून पुढे २०१५ चे सारे प्रकरण फुटले. मोटार तीच, धूर तोच, दोन्हीकडे शिकलीसवरलेली माणसे. एकाने विचारले, ‘नवे डिझेल किती स्वच्छ आहे?’ दुसऱ्याने विचारले, ‘रस्त्यावर काय बाहेर पडते?’ प्रश्नातच निम्मे उत्तर होते.

आता दुसऱ्यांचे पुष्कळ झाले. थोडे माझेही सांगतो, कारण ते न सांगता खाली बसलो तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होतो, तेव्हा आपल्या या पट्ट्यातील एका कारखान्याने आमच्या विभागाला कामगारांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी रक्कम देऊ केली. कारखान्याचे नाव मी घेणार नाही. पत्र सौजन्याचे होते. मधुमेह, रक्तदाब, व्यसने अशी यादी त्यांनीच जोडली होती. मी त्यात ऐकू येण्याची तपासणी घातली, कारण तेथे मोठमोठे घण दिवसरात्र लोखंडावर पडत असत. त्यांनी हरकत घेतली नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. कराराच्या शेवटच्या पानावर एक कलम होते, ‘निष्कर्ष कंपनीच्या पूर्वसंमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाहीत.’ मी ते वाचले, आणि सही केली. वाटले, संमती न द्यायला त्यांना कारण काय?

पाहणी झाली. घणाजवळ काम करणाऱ्या पुष्कळ माणसांचे कान गेले होते. अहवाल मी दिला. एक आभाराचे पत्र आले, एका समारंभात शाल-श्रीफळ मिळाले, आणि संमती मात्र आली नाही. मी दोन पत्रे लिहिली. मग परीक्षा आल्या, मुलीचे लग्न निघाले, आणि तो अहवाल माझ्या कपाटात राहिला. कोणी मला दम दिला नाही, कोणी लाच दिली नाही. मी एकही आकडा बदलला नाही. तिसऱ्या पंथाच्या कसोटीने पाहाल, तर मी सोळा आणे प्रामाणिक!

काही वर्षांनी चाकणच्या बाजारात एक गृहस्थ भेटले. त्या पाहणीत मी त्यांचे कान तपासले होते. ते मोठ्याने बोलत होते, कारण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. भर बाजारात त्यांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आमच्या कानांच्या कागदाचं काय झालं वो?’ मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना ऐकू आले नाही, याचे त्या क्षणी मला बरे वाटले. ती लाज अजून गेलेली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

तर मग पैसा घ्यावयाचाच नाही काय? तसे मी म्हणत नाही. दुसरी बाजूही आपल्या डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या टेकडीवर ए. आर. ए. आय. ही मोटारींचे संशोधन आणि चाचणी करणारी संस्था आहे, आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. ती १९६६ मध्ये मोटार उद्योगाने सरकारच्या साहाय्याने उभी केली. म्हणजे पोळी उद्योगाचीच. तरी २०१५ मध्ये सरकारने फोक्सवॅगनच्या गाड्या तपासावयास सांगितल्या, तेव्हा प्रयोगशाळेतील धूर आणि रस्त्यावरील धूर यांत तफावत असल्याचे याच संस्थेने सांगितले. त्यानंतर कंपनीने भारतातील तीन लाख तेवीस हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. येथे टाळी का वाजली नाही? कारण प्रश्न सरकारने विचारला होता, उत्तर सरकारला द्यावयाचे होते, आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. भिंत मजबूत असेल, तर पैशाला ती ओलांडता येत नाही. विद्वानाच्या सद्गुणांवर सारा भार टाकण्यापेक्षा ही भिंत बांधणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

ती भिंत कशी बांधावी, हे अनुभवाने थोडेबहुत ठाऊक झाले आहे. पहिली गोष्ट, काही पैसा मुळीच घेऊ नये. ज्याचा माल विकला जाणे आणि लोक आजारी पडणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, त्या तंबाखूचा पैसा घेऊन आरोग्याचा अभ्यास होत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००० मध्ये एका सिगारेट कंपनीकडून अडतीस लाख पौंड घेतले, तेव्हा तेथील मानद प्राध्यापक रिचर्ड स्मिथ यांनी राजीनामा दिला. ते एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक होते, आणि राजीनाम्यापूर्वी त्यांनी आपल्या वाचकांचा कौल घेतला होता. आपल्या देशातही अशी रेघ कायद्याने ओढलेली आहे. बाळांच्या दुधाच्या डब्यांविषयीचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये सुधारण्यात आला. त्या डब्यांच्या उत्पादकांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषदेसाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा संशोधनासाठीसुद्धा पैसा देऊ नये, असे तो सांगतो. आईच्या दुधाशी स्पर्धा करणाऱ्याने बालरोगतज्ज्ञाचा यजमान होऊ नये, इतका साधा तो विचार आहे.

दुसरी गोष्ट, उरलेला पैसा घ्यावा तो एका हंडीत. चाकण-भोसरीच्या पन्नास कारखान्यांनी आपला वाटा एका सामायिक निधीत टाकावा, आणि कोणाचा रुपया कोणत्या पाहणीला गेला हे कोणालाच सांगता येऊ नये. त्या निधीवर विद्यापीठ असावे, महानगरपालिका असावी, कामगार असावेत, गावकरी असावेत. पैसा देणाऱ्याने तेथे श्रोता म्हणून बसावे. तिसरी गोष्ट, काय शोधणार हे आधी जाहीर करावे. औषधांच्या चाचण्यांची नोंद करण्यासाठी आपल्या देशात २००७ पासून सार्वजनिक नोंदवही आहे, आणि २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. गावाच्या पाहणीलाही तसेच का नसावे? आणि चौथी गोष्ट, शेवटचे पान. प्रसिद्धीला संमती लागेल असे कलम ज्या करारात आहे, त्यावर प्राध्यापकाने सही करू नये. तरुण सहकाऱ्यांना मी एवढेच सांगत असतो, की करार शेवटच्या पानापासून वाचा.

आपण म्हणाल, हे सारे प्राध्यापकांनी पाहावे, आम्ही नागरिकांनी काय करावयाचे? आपले काम सर्वांत महत्त्वाचे आहे. उद्या आपल्या दारात कोणी वही घेऊन आला, आपल्या मुलाच्या फुप्फुसाची, आपल्या विहिरीच्या पाण्याची माहिती विचारू लागला, तर त्याला पाणी द्या, बसावयास सांगा, खरी माहिती द्या. आणि मग दोन प्रश्न विचारा. ‘बाबा रे, याचा खर्च कोण करतो?’ आणि ‘याचा निकाल आम्हाला केव्हा आणि कोठे वाचायला मिळेल?’ पहिल्या प्रश्नाला तो बहुधा उत्तर देईल. दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर वही मिटून परत पाठवा. तुमचे कान तुमचे आहेत, त्यांचा कागदही तुमचाच आहे.

ते गृहस्थ आज या सभेत आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असले, तरी मी बोललो ते त्यांना ऐकू गेले नसेल. कोणाची ओळख असेल, तर त्यांना हे लिहून कळवा, की कपाटातला कागद मी बाहेर काढला आहे.